‘फळगळ व्यवस्थापन’ कोणी टाइप करत नाही : वेबसाइटसाठी कीवर्ड कसे शोधावेत

अमरावती जिल्ह्यातील वरुड तालुक्यातल्या शेंदुरजनाघाट परिसरातील संत्रा कलमांच्या एखाद्या रोपवाटिकेची वेबसाइट तुमच्याकडे सोपवली आहे, असे समजा. डोमेन घेऊन झाले आहे, मुखपृष्ठ, ‘आमच्याविषयी’, छायाचित्रे आणि संपर्क अशी चार पाने उभी आहेत, आणि तरीही गूगलवर आपण दिसत का नाही, असे मालक रोज विचारतो आहे. रोपवाटिकेच्या नावाने शोधले तर ती दिसते. पण ज्याला नाव ठाऊक आहे तो वेबसाइटच्या वाटेला न जाता सरळ फोन करतो. सर्च इंजिनवर येणाऱ्याला तुमचे नाव ठाऊक नसते, स्वतःची अडचण मात्र नेमकी ठाऊक असते, आणि ती तो आपल्या शब्दांत लिहितो किंवा फोनला बोलून सांगतो. त्या शब्दांना कीवर्ड म्हणतात. तो एकच शब्द असतो असे नाही. ‘आंबिया बहारासाठी संत्र्याला ताण कधी द्यावा’ (म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुले यावीत म्हणून बगिच्याचे पाणी कधी तोडावे) हे सहा शब्दांचे वाक्यही कीवर्डच आहे, आणि नव्या वेबसाइटला ‘संत्रा’ या एका शब्दापेक्षा तेच अधिक उपयोगी पडते. ‘संत्रा’ एवढेच लिहिणाऱ्याला रस काढायचा आहे, भाव पाहायचा आहे की बगीचा लावायचा आहे, हे कोणालाच सांगता येत नाही.

या लेखात वही आधी आणि टूल (कोणता शब्द किती शोधला जातो हे दाखवणारे ऑनलाइन साधन) नंतर असा क्रम ठेवला आहे. इंग्रजी विषयांना उलटा क्रम चालून जातो, कारण टूलपाशी त्यांचे भरपूर आकडे असतात. एका-दोन जिल्ह्यांपुरत्या मराठी विषयाचे आकडे टूलपाशी इतके तुटपुंजे असतात की तिथूनच सुरुवात केली, तर ‘हे कोणी शोधतच नाही’ असा चुकीचा निष्कर्ष काढून माणूस दुसऱ्या दिवशी काम सोडून देतो.

पहिली पायरी : वही घेऊन बसणे

पावसाळा लागला की कलमा न्यायला माणसे येऊ लागतात. त्या दिवसांत रोपवाटिकेत किंवा ओळखीच्या कृषी सेवा केंद्राच्या काउंटरजवळ चार-पाच दिवस बसा आणि येणारा प्रत्येक प्रश्न जसाच्या तसा, भाषा न सुधारता, वहीत उतरवा. साधारणपणे कानावर पडते ते असे :

‘भाऊ, संत्र्याची गळ थांबून नाही राहिली, काय मारू?’
‘खोडातून डिंक निघून राहिला.’
‘जंभेरीवरची कलम हाये का रंगपूरवरची?’

(जंभेरी आणि रंगपूर हे खुंट, म्हणजे ज्या रोपावर संत्र्याचे कलम बांधतात ती लिंबूवर्गीय झाडे.) यातला पहिला प्रश्न जवळून पाहा. त्यात ‘गळ’ आहे, ‘थांबणे’ आहे आणि ‘मारणे’ आहे. याच विषयावरच्या माहितीपुस्तिकेत मथळा असतो ‘लिंबूवर्गीय फळझाडांतील फळगळीचे एकात्मिक व्यवस्थापन’. पुस्तिका चुकीची नसते. पण ‘लिंबूवर्गीय’, ‘एकात्मिक’ आणि ‘व्यवस्थापन’ हे तिन्ही शब्द विचारणाऱ्याच्या तोंडी नाहीत. अशाच एका रोपवाटिकेच्या वेबसाइटवरच्या माझ्या पहिल्या हंगामात मी सगळे मथळे पुस्तिकेच्याच भाषेत दिले होते, कारण ते भारदस्त वाटत होते. हंगाम संपेपर्यंत त्या लेखांवर आलेल्यांत बहुतेक कृषीचे विद्यार्थी होते आणि त्यांना कलमा घ्यायच्या नव्हत्या.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी लागते. बोलताना जो ‘थांबून नाही राहिली’ म्हणतो, तोच टाइप करताना ‘संत्रा गळ उपाय’ एवढेच लिहितो. वऱ्हाडी बोलणाऱ्या बहुतेकांचे लिहिणे प्रमाण मराठीकडे झुकते, आणि फोनच्या कीबोर्डवर सुचवले जाणारे शब्दही प्रमाण मराठीतलेच असतात. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने मराठीत बोलून शोधण्याची सोय दिल्यापासून ज्यांना टाइप करण्याचा कंटाळा आहे त्यांचे प्रश्न बोलण्याजवळ जाऊ लागले आहेत, आणि ते टाइप केलेल्या प्रश्नांपेक्षा लांब असतात. म्हणून वहीत दोन रकाने पाडा : डावीकडे बोललेले वाक्य, उजवीकडे तोच माणूस फोनवर काय लिहील याचा तुमचा अंदाज. हा अंदाज पुढच्या पायऱ्यांत तपासला जाणार आहे, त्यामुळे तो चुकला तरी बिघडत नाही.

‘विदर्भाचा कॅलिफोर्निया’ यासारखी विशेषणे मालकाला हमखास आवडतात आणि भाषणात शोभतातही. पण कलम घ्यायला निघालेला शेतकरी ती टाइप करत नाही. ‘नागपुरी संत्रा’ मात्र ठेवा. या संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि बाहेरच्या राज्यांतला ग्राहक त्याच नावाने विचारतो.

दुसरी पायरी : एकाच शब्दाची सगळी रूपे

ही पायरी इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत जवळजवळ नसते, आणि मराठीत सर्वांत जास्त वेळ तीच खाते. सर्वांच्या परिचयाचे उदाहरण सातबाऱ्याचे. कोणी ‘सातबारा’ लिहितो, कोणी ‘सात बारा’, कोणी ‘७/१२’, कोणी तेच इंग्रजी आकड्यांत, आणि कोणी त्यापुढे ‘उतारा’ जोडतो. कपाशीवरच्या अळीचेही तसेच आहे : ‘बोंडअळी’, ‘बोंड अळी’, ‘बोंड आळी’ आणि ‘गुलाबी’ हा शब्द जोडून याच तिघांची आणखी तीन रूपे.

त्यात लिपीची भर पडते. फार मोठा वर्ग मराठीच शोधतो, पण इंग्रजी अक्षरांत, आणि तिथे प्रत्येकाचे स्पेलिंग वेगळे असते. ‘फवारणी’तल्या ‘व’साठी एक जण ‘व्ही’ दाबतो, दुसरा ‘डब्ल्यू’. शिवाय वरुडच्या पलीकडे मध्य प्रदेशची हद्द आहे आणि पांढुर्ण्याचा पट्टाही संत्र्याचाच, त्यामुळे ‘संतरे का पौधा’ आणि ‘संतरा नर्सरी’ हे हिंदी कीवर्ड तुमच्या यादीत असलेच पाहिजेत.

एक बारीक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती मुद्दाम सांगतो. आपण कपाशीला पऱ्हाटी म्हणतो. या शब्दातले अर्धे ‘ऱ्‌’ संगणकावर दोन प्रकारे लिहिले जाते : ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलंत लावून, किंवा साध्या ‘र’ला हलंत लावून पुढे एक न दिसणारे जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ती वेगवेगळी अक्षरमाला असते. सर्च इंजिन अशी पुष्कळ रूपे आपसूक जुळवून घेते, पण तुमच्या तक्त्यात शोध घेताना ‘सापडले नाही’ असे उत्तर येऊ शकते आणि एकच शब्द दोनदा नोंदवला जातो. यावर सोपा उपाय असा की सगळी यादी एकाच कीबोर्डवरून टाइप करावी.

ही सगळी रूपे यादीत हवीत, परंतु ती सगळी पानावर लिहायची नाहीत. पानावर शुद्ध रूप ठेवायचे; बाकीची रूपे एकूण मागणी किती आहे हे कळावे म्हणून गोळा करायची.

तिसरी पायरी : शोधपेटीलाच विचारणे

ब्राउझरची खासगी खिडकी उघडा, म्हणजे तुमच्या आधीच्या शोधांचा परिणाम कमी होतो. गूगलच्या पेटीत ‘संत्रा’ लिहून एक जागा सोडा आणि एंटर न दाबता खाली येणाऱ्या सूचना वाचा. मग ‘संत्रा क’, ‘संत्रा ख’, ‘संत्रा ग’ असे करत मुळाक्षरांतून पुढे जा. प्रत्येक अक्षराला वेगळ्या सूचना येतात. या सूचना लोकांनी प्रत्यक्ष केलेल्या शोधांवरून तयार होतात आणि त्यात भाषा व ठिकाण यांचाही विचार केलेला असतो. म्हणून वरुडशेजारच्या मोर्शीत बसून केलेला हा प्रयोग पुण्यात बसून केलेल्या प्रयोगापेक्षा तुमच्या अधिक कामाचा आहे.

निकालांच्या पानावर प्रश्नांची एक चौकट अनेकदा दिसते, आणि तळाशी संबंधित शोधांची यादी असते. दोन्ही उतरवून घ्या. हाच प्रयोग यूट्यूबच्या पेटीतही करा, कारण फवारणी, छाटणी, डोळा भरणे अशा हाताने करायच्या कामांसाठी शेतकरी वाचण्यापेक्षा पाहणे पसंत करतो. एका संध्याकाळी दीडशे-दोनशे ओळी सहज जमतात. त्यांतल्या निम्म्या निरुपयोगी निघतील, आणि ते ठीकच आहे.

चौथी पायरी : आकडे, आणि त्यांवर किती विसंबावे

गूगल कीवर्ड प्लॅनर हे टूल गूगल ॲड्सच्या खात्यात मिळते. खाते उघडताना जाहिरात सुरू करण्याचा आग्रह होतो आणि पैसे भरण्याची माहितीही विचारली जाऊ शकते. जाहिरात चालू नसेल तर पैसे कापले जात नाहीत, पण ती खरोखर बंद आहे ना, हे दोनदा पाहून घ्या. आत गेल्यावर ठिकाण म्हणून आधी महाराष्ट्र निवडा, भाषा मराठी करा आणि वहीतले शब्द दहा-दहाच्या गटाने टाका. मग भाषा बदलून हिंदी आणि इंग्रजीतही तेच पाहा, कारण इंग्रजी अक्षरांतली मराठी कोणत्या भाषेखाली मोजली जाते याचा भरवसा नसतो.

जाहिरातीवर खर्च न करणाऱ्या खात्याला नेमका आकडा मिळत नाही. ‘१० ते १००’, ‘१०० ते १ हजार’, ‘१ हजार ते १० हजार’ असे पट्टे दिसतात. पट्टा इतका रुंद असतो की त्यावरून दोन शब्दांची बारीक तुलना करता येत नाही. कोणता शब्द ओढ्याएवढा आहे आणि कोणता नदीएवढा, एवढेच कळते. पुष्कळ मराठी शब्दांपुढे तर काहीच आकडा नसतो. ज्या शब्दापुढे आकडा नाही, पण जो प्रश्न वहीत चार वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून आला आहे, तो मी कधीही खोडत नाही.

नवख्यांची ठरलेली चूक ‘स्पर्धा’ या रकान्यात होते. तिथे ‘कमी’ लिहिलेले दिसले की या शब्दावर आपण सहज वर येऊ, असे वाटते. तो रकाना त्या शब्दावर जाहिरात लावणाऱ्यांची स्पर्धा सांगतो. नेहमीच्या निकालांत वर येणे किती अवघड आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही. ‘ई-पीक पाहणी’वर जाहिरात लावणारे फारसे कोणी नसले, तरी तिथे शासनाच्या संकेतस्थळाला आणि मोठ्या वृत्तपत्रांना ओलांडून तुमची रोपवाटिका वर येणार नाही.

दुसरे टूल गूगल ट्रेंड्स, २००६ पासूनचे आणि मोफत. त्यात शोधांची संख्या नसून ० ते १०० असा निर्देशांक असतो. निवडलेल्या काळात आणि प्रदेशात मागणी सर्वाधिक होती तो क्षण म्हणजे १००. एका वेळी पाच शब्दांची तुलना करता येते आणि गूगलऐवजी यूट्यूबवरचे शोधही निवडता येतात. आपल्या कामात ट्रेंड्सचा खरा उपयोग हंगाम ओळखण्यासाठी होतो. प्लॅनर महिन्याची सरासरी आधी दाखवतो, आणि वर्षातून दोनच महिने विचारला जाणारा प्रश्न बारा महिन्यांत वाटला गेला की क्षुल्लक दिसतो. अगदी लहान शब्दांसाठी ट्रेंड्सही रिकामा आलेख देतो. अशा वेळी ‘संत्रा’, ‘कापूस’, ‘सोयाबीन’ या मोठ्या शब्दांचा आलेख पाहून अंदाज बांधावा.

पाचवी पायरी : शोधणाऱ्याला हवे काय

प्रत्येक महत्त्वाचा कीवर्ड स्वतः शोधा आणि पहिले दहा निकाल कोणत्या जातीचे आहेत ते वहीत लिहा. ‘संत्रा नर्सरी’ असे शोधले की बहुधा नकाशा आणि दुकानांची यादी वर येते. तिथे लेख लिहून उपयोग नाही, गूगलवरची व्यवसाय नोंद नीट भरणे, पत्ता व वेळा बरोबर ठेवणे आणि कलमांचे ताजे फोटो चढवणे हेच काम आहे. ‘संत्रा भाव आज’ याला मागणी मोठी आहे, परंतु रोज सकाळी बाजार समितीचे भाव भरायला माणूस नसेल तर त्या शब्दाला हात लावू नका. परवाचे भाव दाखवणाऱ्या पानावर कोणी दुसऱ्यांदा येत नाही. ‘जंभेरी की रंगपूर’ या प्रश्नाला मागणी थोडी असते, तरी विचारणारा कलम घेण्याच्या अगदी जवळ आलेला असतो. माझ्या मते रोपवाटिकेच्या वेबसाइटचा पहिला लेख हाच असावा, मग प्लॅनर काहीही म्हणो.

औषध आणि त्याचे प्रमाण विचारणारे कीवर्ड सर्वांत मोहात पाडतात. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. ‘कोणते औषध किती मिली’ याचे उत्तर वाचून माणूस थेट पंप भरतो. म्हणून अशा विषयावर लिहायचेच असेल, तर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची किंवा नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेची शिफारस पाहून, तिचा उल्लेख करून आणि संरक्षक साधनांसह लिहा. ते जमणार नसेल तर तो कीवर्ड सोडा. आरोग्य आणि पैसा यांच्याशी निगडित पानांना गूगलही अधिक कडक कसोटी लावते.

सहावी पायरी : गट पाडणे

आता तक्ता घ्या. रकाने एवढे पुरेत : कीवर्ड, तो कुठून मिळाला, आकड्यांचा पट्टा, निकालांची जात, हंगाम, आणि कोणत्या पानावर जाणार. शेवटचा रकाना भरणे हेच खरे नियोजन.

डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, याचे उदाहरण घेऊ. ‘संत्रा डिंक्या रोग’, ‘संत्र्याच्या खोडातून डिंक येणे’, ‘डिंक्या उपाय’ आणि ‘फायटोप्थोरा संत्रा’ (फायटोप्थोरा म्हणजे हा रोग करणारी बुरशी) हे चार कीवर्ड असले, तरी प्रश्न एकच आहे, म्हणून त्यांचे पान एकच. चार वेगळे लेख लिहिले तर ते एकमेकांशीच झगडतात आणि कोणता दाखवावा याविषयी सर्च इंजिनचा निर्णय डळमळत राहतो. पण ‘बोर्डो मलम कसा तयार करावा’ (खोडाला लावायचे बुरशीनाशक मलम) हे मात्र वेगळे पान. मोसंबी आणि लिंबूवालाही तेच विचारतो, आणि त्याला रोगाची कारणे नको असतात. १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी हे प्रमाण आणि कृती हवी असते. ‘मोरचूद’, ‘कॉपर सल्फेट’ आणि हिंदीतला ‘नीला थोथा’ ही तिन्ही नावे या पानावर वावगी वाटत नाहीत, कारण दुकानदारही तिन्ही नावे वापरतात. डिंक्याच्या पानावरून मलमाच्या पानाकडे आणि तिकडून इकडे लिंक द्या.

सातवी पायरी : पीक दिनदर्शिकेला जोडणे

लेख चढवला आणि दुसऱ्या दिवशी वर आला, असे होत नाही. नव्या वेबसाइटची पाने शोधून नोंदवली जाऊन स्थिरावायला आठवडे, कधी महिने लागतात. आंबिया बहारासाठी ताण देण्यावरचा लेख मी एकदा मोठ्या मेहनतीने फेब्रुवारीत प्रसिद्ध केला. तेव्हा बगिच्यांत फुले फुटलेली होती आणि ताणाचा प्रश्न वर्षभरासाठी मिटला होता. ताण डिसेंबरच्या सुमारास सुरू होतो, म्हणजे तो लेख सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तयार हवा. पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणाऱ्या मृग बहाराचा ताण मे महिन्यात असतो, त्याचा लेख फेब्रुवारी-मार्चमध्ये हवा. आंबियाची गळ ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जोर धरते, ते पान मे संपण्याआधी. कलमांची किंमत, वय आणि खुंट यांची माहिती मार्चपासूनच जागेवर असावी, कारण पावसाळ्यात लागवड करणारा उन्हाळ्यातच चौकशी सुरू करतो. एकदा लिहिलेले पान दर वर्षी त्याच पत्त्यावर सुधारायचे. वर्ष बदलले म्हणून नवे पान काढायचे नाही.

आठवी पायरी : शब्द पानावर कुठे

मुख्य कीवर्ड पानाच्या शीर्षकात, वरच्या मथळ्यात आणि पहिल्या परिच्छेदात सहज बसेल तसा यावा. पुढे तो किती वेळा यावा याचे कोणतेही सूत्र नाही, आणि कोणी टक्केवारी सांगत असेल तर ती कानाआड करा. त्याच शब्दाचा रतीब घातलेला मजकूर गूगलच्या नियमांत स्पॅम ठरतो. पानाच्या कोडमध्ये कीवर्डची यादी भरण्याची जुनी रीत आजही काही जण शिकवतात. क्रमवारीसाठी ती यादी (कीवर्ड्स मेटा टॅग) आपण वापरत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे. पानाचा पत्ता इंग्रजी अक्षरांत आणि आटोपशीर ठेवा. देवनागरी पत्ता चालतो, पण व्हॉट्सॲपवर पाठवला की तो बहुधा टक्केचिन्हे आणि आकड्यांची लांबलचक माळ होऊन बसतो, आणि अशा लिंकवर बोट ठेवायला माणूस कचरतो.

नववी पायरी : सर्च कन्सोल

गूगल सर्च कन्सोल मोफत आहे, आणि वेबसाइट तुमची असल्याची खातरजमा झाल्यावर त्यात परफॉर्मन्स अहवाल दिसू लागतो : कोणत्या शब्दांवर तुमचे पान दिसले, किती वेळा दिसले, किती जणांनी उघडले आणि सरासरी क्रमांक कितवा होता. त्यात १६ महिन्यांपर्यंतची माहिती राहते, म्हणजे मागच्या हंगामाची या हंगामाशी तुलना करता येते. खातरजमेचे काम पहिल्याच दिवशी उरकून घ्या, कारण वेबसाइट जोडण्याआधीच्या काळाची माहिती मिळेलच असे नाही. फार कमी लोकांनी केलेले शोध गोपनीयतेसाठी या अहवालात दाखवले जात नाहीत, त्यामुळे शब्दांची बेरीज एकूण आकड्याशी जुळत नाही. त्यात तुमची काही चूक नाही.

महिन्यातून एकदा तो अहवाल तक्त्यात उतरवा आणि दोन गोष्टी पाहा. ज्या शब्दावर पान पुष्कळदा दिसते पण उघडले जात नाही, तिथे आधी सरासरी क्रमांक पाहा. क्रमांक बरा असेल तर शीर्षक लोकांच्या भाषेत बदलून पाहा. आणि जो शब्द तुम्ही पानावर लिहिलेलाच नाही, तरीही ज्यावर पान दिसले आहे, तो वहीत डावीकडच्या रकान्यात टिपून ठेवा. ‘गळ’ हा शब्द असाच आला. पुस्तिकेच्या मथळ्याखालच्या एका जुन्या लेखापुढे ‘संत्रा गळ थांबवणे’ हा शोध दिसत होता, क्रमांक चौथ्या पानाच्या आसपास होता आणि त्या शोधावरून लेख एकदाही उघडला गेला नव्हता. मी मथळा बदलला, पहिल्या परिच्छेदात तो प्रश्न विचारणाऱ्याच्या शब्दांत मांडला आणि बाकीचा मजकूर तसाच ठेवला. पुढच्या ऑगस्टमध्ये रोपवाटिकेत फोन येऊ लागले. त्यांतले बरेचसे कलमांसाठी नव्हते, गळीसाठीच होते, आणि त्या फोनवर विचारलेल्या प्रश्नांनी वहीची पुढची पाने भरली.